साडेचार सूत

अमरावती,
५ एप्रिल

आदरणीय गजेंद्रमामा यांना आचलचा सविनय जय भीम.

आम्ही सगळे इथे ठीक आहोत आणि अकोल्याला तुम्हीही तसेच असाल असे धरून लिहिते आहे. डोळ्याच्या ऑपरेशननंतरचे थेंब दिवसातून चार वेळा टाकायचे असतात, मामीशी भांडण नसेल त्या दिवशीच टाकायचे असे नसते, हे मी मागेही सांगितले होते. मामीचा गुडघा कसा आहे ते कळवावे. जठारपेठेत ऊन किती आहे ते विचारत नाही, कारण अकोल्याचा पारा रोज पेपरात आमच्या अमरावतीच्या वर छापून येतो आणि बाबांना सकाळीसकाळी त्याचा राग येतो. (त्यांचे म्हणणे, पारा मोजणारा माणूस अकोल्याचा आहे.)

पत्र पाहून घाबरू नका. आजकाल घरी पत्र आले म्हणजे ते बँकेचे तरी असते नाही तर कोर्टाचे तरी, हे मला माहीत आहे. पण तुमच्या दुरुस्तीच्या दुकानात एका वेळी तीन-तीन शिलाई मशीन चालू असतात आणि फोनवर 'पायडल' हा शब्द उच्चारला की काय होते ते आपण दोघांनी भोगले आहे. म्हणून जे काही आहे ते लेखी असावे असे मी ठरवले. शिवाय या पत्रात मला तुमची एक माफी मागायची आहे, आणि माफी फोनवर मागितली की समोरचा माणूस मध्येच 'जाऊ दे' म्हणतो आणि ती पुरती मागून होत नाही.

तुम्ही पिंकीसाठी तुमच्या घरमालकांच्या कुलदीपची बीएमएक्स सायकल घेतली आणि एसटीच्या टपावर टाकून पाठवली, तो दिवस आमच्या घरात लहानशा सणासारखा झाला. फक्त सायकल आली आणि पायडल आले नाहीत. कुलदीपने ते काढून ठेवले होते, कारण ते त्याचे लकी पायडल आहेत. पिंकीने आठवडाभर त्या सायकलवर बसून, दोन्ही पाय जमिनीला घासत, गल्लीत येरझाऱ्या घातल्या. नववीतली धाकटी लेक अशी चालताना पाहून आईला रडू यायचे आणि आजीला हसू. त्यातही पिंकीने घाई करून १४ एप्रिलच्या सकाळच्या सायकल रॅलीत आपले नाव पहिल्या रांगेत लिहून टाकले होते. जयंती मंडळाच्या मुलींनी विचारले, सायकल आहे का, ही म्हणाली, आहे. ते खरेच होते. पायडलचे कोणी विचारले नव्हते.

तेव्हा मी तुम्हाला फोन केला आणि म्हणाले, मामा, पायडल राहिले. तुम्ही म्हणाला, पाठवतो. तिसऱ्या दिवशी कंडक्टरने आमच्या स्टँडवर एक पोते उतरवले. ते उचलायला दोन माणसे लागली. आत शिलाई मशीनचे बिडाचे पायडल होते, सळईसकट. मी त्याच पावली तुम्हाला फोन करून, संज्ञा स्पष्ट नसल्या की समाजाचे कसे नुकसान होते यावर दहा मिनिटे बोलले. तुम्ही शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाला, "बाई, मी तीस वर्षापासून एकच पायडल ओयखतो. तुनं कायचं पायडल थे सांगतलंच नाही." मग मी आणखी पाच मिनिटे बोलले. ती पंधरा मिनिटे मी या पत्राने मागे घेते. का घेते ते पुढे येईल. (ते पायडल वाया गेले नाही. आजी त्यावर पाय ठेवून तूर निवडते. पाय हलते राहतात म्हणून तिच्या पोटऱ्यांना बरे वाटते आणि तूरही लवकर होते असे तिचे मत आहे.)

आता बाबांचे. बाबांनी सायकलकडे चारी बाजूंनी पाहिले आणि विचारले, "कॅरिअर?" नाही. "स्टँड?" नाही. "घंटी?" नाही. "मंग हे सायकल हाय का सायकलचं पिल्लू?" यावर मी त्यांना बीएमएक्सचा इतिहास सांगू लागले, पण तेवढ्यात शेजारचे भगवंतराव आले. भगवंतरावांच्या घरी मागच्या वर्षी एसी बसला, तेव्हापासून त्यांचा मोठा कूलर ओसरीत रिकामा उभा आहे. त्यांच्या नातवाला ही सायकल पसंत पडली. ते म्हणाले, सायकल द्या आणि कूलर घेऊन जा. एप्रिल तोंडावर आलेला, आमचे पत्र्याचे घर, आणि १४ तारखेला येणारे पाहुणे. (तुम्ही आणि मामी धरून अकरा.) तुम्हीच सांगा, अशा वेळी तत्त्वावर किती माणसे टिकतील. मी मोजले. दोन टिकली, मी आणि पिंकी.

बाबा मात्र न्यायी माणूस आहेत. त्यांनी अट घातली. मागच्या रविवारी सकाळी सायकल आमच्या दारातून निघून गल्लीच्या टोकाला जाऊन परत दारात आली पाहिजे, त्यांच्या डोळ्यांदेखत. आली तर सायकल पिंकीची. नाही आली तर भगवंतरावांची, आणि कूलर आपला. पिंकीने माझ्याकडे पाहिले. मी तिला सगळ्यांसमोर शब्द दिला, तुला पायडल मी बसवून देते. मामा, मी बीएस्सी झाल्यापासून आपल्या घरात सगळे मलाच विचारतात. गॅसचे रेग्युलेटर गळते, आचलला विचारा. आजीची पांढरी गोळी आधी की गुलाबी, आचलला विचारा. मागच्या गल्लीतल्या मैनाबाईंची सून अशी का वागते, तेही मलाच. घरातला पहिला पदवीधर असणे म्हणजे काय हे अजून कोणी लिहून ठेवलेले नाही. तेव्हा दोन पायडल ही माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट नव्हती. फक्त ती पद्धतशीर व्हावी एवढेच मला वाटत होते.

मी आठ दिवस अभ्यास केला. व्हिडिओ पाहिले, वहीत तक्ता केला. पायडल तीन जातीचे असतात असे दिसले. एक जुन्या पद्धतीचे, रबराच्या दोन पट्ट्यांचे. दुसरे प्लास्टिकचे, रुंद, त्यावर साच्यातच काढलेले दाते आणि कडेला लाल चमकी. तिसरे ॲल्युमिनियमचे, त्यावर खिळ्यांसारखे बारीक टोकदार स्क्रू असतात, त्यामुळे बूट घट्ट धरला जातो, पण पाय निसटला तर तेच स्क्रू नडगीवर आपली सही करून जातात. मी तिन्ही चित्रे सगळ्यांना दाखवली. तिसरे पाहून आजी म्हणाली, "हे पायडल हाय का किसनी?" पिंकीला किसनीच हवी होती. मी तक्त्यात पकड, वजन, टिकाऊपणा, नडगीची सुरक्षितता आणि शाळेच्या बुटांशी सुसंगती असे पाच रकाने केले आणि प्रत्येकाला गुण दिले. (अक्षाची जाडी असा सहावा रकाना असायला हवा होता, हे मला आता कळते आहे. तेव्हा मला वाटत होते की पायडल म्हणजे पायडल. हे वाक्य वाचताना तुम्ही हसलात तर तो तुमचा हक्क आहे.)

एवढे करूनही निर्णय मी एकटीने घेतला नाही, कारण घरातला निर्णय लोकशाहीने व्हावा असे माझे मत आहे. रात्रीच्या जेवणानंतर गुप्त मतदान ठेवले. पिंकीला मत दिले नाही, कारण तिचा हितसंबंध होता. यावर ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही, पण तत्त्व ते तत्त्व. चार चिठ्ठ्या पडल्या. एकीवर 'प्लास्टिक' असे होते. दुसरीवर 'कूलर' असे ऑफिसच्या वळणाच्या अक्षरात होते. तिसरीवर 'कुलर', पहिला उकार देऊन, आणि आई नेहमी असेच लिहिते. चौथीवर नुसते चित्र होते, एक चौकोन, त्यात आडव्या रेघा आणि खाली पाण्याचे थेंब. आजीला लिहिता येत नाही, पण चित्र सुरेख होते. कूलर हा उमेदवारच नसल्यामुळे मी तीन मते बाद केली आणि प्लास्टिक पायडल बिनविरोध निवडून आले असे जाहीर केले. बाबा म्हणाले, "आमच्या ऑफिसातबी असंच होते." दुसऱ्या दिवशी मी बाजारात जाऊन लाल चमकीचे प्लास्टिकचे पायडल घेऊन आले.

ते सायकलला लावले तर बसेनात. बसेनात म्हणजे आत जाईनात असे नाही. ते भोकातून सरळ आरपार जात होते, दारातून पाहुणा जावा तसे. मी सायकल घेऊन गल्लीच्या कोपऱ्यावर धर्मेंद्रभाऊंकडे गेले. हे आमच्याकडचे सायकल मिस्त्री. कडुनिंबाखाली बसतात, हुशार आहेत, पण सकाळपासून तोंडात तंबाखूचा खर्रा असतो, त्यामुळे कमीत कमी शब्दांत बोलतात. त्यांनी पायडल पाहिले, भोक पाहिले, मान वर करून तोंडातला ऐवज सांभाळत म्हणाले, "इले साडेचार सूत लागते."

मामा, मी नांदगाव पेठेच्या मिलमध्ये लॅबमध्ये काम करते हे तुम्हाला माहीतच आहे. मी दिवसाचे आठ तास सूत मोजते, सूत ताणते, सूत तोडते आणि ते किती ताणावर तुटले हे लिहून ठेवते. माझ्यासमोर कोणी 'सूत' म्हटले तर मला काय दिसेल? आणि मागच्या वर्षी आपल्याकडे नळ बसवला तेव्हा नळवाल्याने पाइपाच्या आट्यांवर सूत गुंडाळून तो घट्ट केला होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले होते. म्हणजे पायडल ढिले आहे, आट्यांवर साडेचार थर सूत गुंडाळा, असाच त्याचा अर्थ झाला. तरी मी खात्री करून घेतली. आमचे बोलणे मी जसेच्या तसे देते, म्हणजे तुम्हाला न्याय करता येईल.

"पक्कं साडेचार?"

"पक्कं."

"पाच केलं तर?"

"आत जात नाही."

"अन् चार?"

"चारनं ढिलं राह्यते."

"कोणत्या रंगाचं घेऊ?"

"रंगाचं काय हाय त्यात. तुह्या आवडीचं घे."

मग ते म्हणाले की त्यांच्याजवळ नाही, नागपूरहून बोलवावे लागेल. मी म्हणाले, नागपूरहून कशाला, आमच्या मिलमध्ये ढीग पडला आहे. धर्मेंद्रभाऊंनी माझ्याकडे पहिल्यांदाच आदराने पाहिले. "मंग तं बेसच झालं," म्हणाले.

मिलमधली वस्तू विचारल्याशिवाय घरी नेणे मला पटत नाही. मी लॅबच्या सीमा मॅडमना लेखी अर्ज दिला, 'घरगुती शास्त्रीय प्रयोगासाठी तपासून झालेले सूत मिळणेबाबत'. त्यांनी न वाचता सही केली. मी त्यातल्या त्यात जाड सूत निवडले, लाल रंगाचे, आधी ताणून पाहिलेले. शनिवारी संध्याकाळी मी आणि पिंकी ओसरीत बसलो. एका पायडलच्या आट्यांवर एक थर, त्यावर दुसरा, तिसरा, चौथा. अर्ध्या थरावर मी बराच विचार केला. अर्धा म्हणजे पातळ की अर्ध्या लांबीचा? शेवटी जिथे भार येतो तिथे, अर्ध्या लांबीचा दिला. दोन्ही पायडलवर एकाच दिशेने गुंडाळले, घड्याळाच्या काट्याप्रमाणे, कारण शास्त्रात आपपरभाव नसावा. आजी पाहून म्हणाली, "पायडल बसवून राह्यली का रुखवत करून राह्यली?" मग खलाच्या बत्त्याने ठोकून दोन्ही पायडल बसवले. हाताने ओढून पाहिले. हालले नाहीत. पिंकी माझ्याशी बोलू लागली. मला त्या रात्री फार छान झोप लागली.

रविवारी सकाळी सात वाजता बाबा दारात खुर्ची टाकून बसले. भगवंतराव त्यांची खुर्ची घेऊन शेजारी बसले. एवढेच नाही, त्यांनी त्यांच्या ओसरीतून वायर ओढून कूलर फाटकाशी आणला, त्यात दोन बादल्या पाणी टाकले आणि चालू करून त्याचे तोंड बाबांकडे केले. (हा सरळसरळ आचारसंहितेचा भंग होता. मी तसे म्हटले. बाबांनी डोळे मिटलेले होते, त्यांना ऐकू आले नसावे.) धर्मेंद्रभाऊ गल्लीच्या टोकाला निंबाखाली होते.

पिंकी निघाली. मामा, ती सीटवर बसलीच नाही. दोन्ही पायडलवर उभी राहिली आणि गेली. तिला एवढ्या वेगाने जाताना मी कधी पाहिले नव्हते. गतिरोधकावरून सायकल दोन्ही चाकांनी उचलली गेली आणि खाली आली, आणि आईने तोंडाला पदर लावला. टोकाला जाऊन निंबाला वळसा घालून ती परत फिरली. मी अर्धी गल्ली पळत गेले होते, म्हणून मला पुढचे जवळून दिसले. आधी तिच्या डाव्या पायाखालून एक लाल धागा बाहेर आला. मग तो लांब झाला. मग डावे पायडल सायकल सोडून पिंकीच्या बुटाबरोबर निघाले, दोन ढांगा तसेच गेले आणि पडले. धागा तिच्या मागे वाऱ्यावर. पण पिंकी थांबली नाही. डावा पाय बाजूला धरून, एकट्या उजव्या पायडलवर, वाकडीतिकडी होत ती माझ्या समोरून गेली, भगवंतरावांच्या समोरून गेली, कूलरच्या वाऱ्यात तिच्या वेण्या उडाल्या आणि ती आमच्या दारात येऊन उतरली.

मी लगेच मुद्दा मांडला. अट अशी होती की सायकल परत आली पाहिजे. सायकल आली आहे. पायडलचा अटीत उल्लेख नाही. बाबा म्हणाले, "सायकल आली, पायडल मांगं राह्यलं. अर्धा साहेब कधी ऑफिसात आला पाह्यला का तू?" ते उठून गल्लीत गेले, पायडल उचलले, लाल सूत बोटाला गुंडाळत गुंडाळत परत आले. (मी नंतर मोजले. सहा मीटर वीस सेंटिमीटर.) मला विचारले, "हे काय व्हय?"

मी म्हणाले, "सूत. साडेचार."

तेवढ्यात धर्मेंद्रभाऊ येऊन पोचले होते. त्यांनी बोटाचे सूत पाहिले, मग मला पाहिले, आणि नालीकडे जाऊन तोंड रिकामे करून आले. मी त्यांचे तोंड रिकामे असलेले जन्मात पहिल्यांदा पाहिले. ते म्हणाले, "अवं माय, सूत मंजे माप. एका इंचाचे आठ सूत. तू आणलं थे अर्धा इंची, मंजे चार सुताचं. ह्या सायकलीले जाडं लागते, साडेचार सुताचं." आणि पुढे असेही सांगितले की कोणत्याही सायकलच्या डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, नाही तर चालवता चालवता ते आपोआप उकलते. म्हणजे सूत गुंडाळायचेच होते तर डावीकडे उलटे गुंडाळायला हवे होते. उजवे पायडल अजूनही घट्ट आहे, हे त्यांनी स्वतः ओढून पाहिले आणि मान हलवली. ती मान कौतुकाची होती असे मला वाटते, पण मी आग्रह धरत नाही.

 मग आजी हसली. मग भगवंतराव, मग आई, मग पिंकीसुद्धा. मी घरात जाऊन तक्त्याच्या वहीत सहावा रकाना आखला.

तेव्हा मला तुमचे पोते आठवले. तुम्ही तीस वर्षे एकच पायडल ओळखता, आणि मी एक वर्षापासून एकच सूत. तुम्ही निदान पदवी घेऊन चूक केली नव्हती. मी मनापासून माफी मागते. 'जाऊ दे' म्हणू नका.

पुढची हकिगत थोडक्यात अशी. भगवंतरावांनी कूलर आत नेला आणि जाताना म्हणाले, किसनराव, पायडल पक्के बसवून द्या, कूलर तुमचाच आहे. बाबांनी त्याच वेळी सगळ्यांसमोर धर्मेंद्रभाऊंना नागपूरहून साडेचार सुताचे पायडल बोलवायला सांगितले. म्हणजे आता पायडल आले की सायकल गेली. आणि पायडल नाही आले तर १४ तारखेच्या रॅलीत पिंकीने पहिल्या रांगेत एका पायाने जायचे काय? ती काही म्हणत नाही. रोज संध्याकाळी सायकल पुसते आणि धर्मेंद्रभाऊंच्या निंबाकडे पाहते, पायडल आले का म्हणून नाही, आले नाही ना म्हणून. धर्मेंद्रभाऊ रोज म्हणतात, उद्या. असे कधीपर्यंत चालेल सांगता येत नाही. मी बाजारातल्या दुकानात परत गेले होते. त्यांच्याकडे साडेचार सुताचे एकच आहे, तेही उजवे. आधीचे त्यांनी परत घेतले नाहीत, कारण त्यांचे आटे सुताच्या रंगाने लाल झाले आहेत.

बाकी सर्व क्षेम आहे. तुमच्याकडे काही मागण्यासाठी हे पत्र नाही, ते केवळ माफीसाठी आहे. मामीला आणि तुम्हाला सगळ्यांचा जय भीम. आईने तुमच्यासाठी तळायच्या सांड्या वाळवल्या आहेत.

तुमची भाची,
आचल

ता. क. कुलदीपचे लकी पायडल. ते याच सायकलचे आहेत, म्हणजे साडेचार सुताचेच असणार. तुमच्याकडे ते माप घ्यायचे कॅलिपर आहे, एकदा खात्री करा. कुलदीपला सांगा की एका मुलीला १४ तारखेला रॅलीत पहिल्या रांगेत जायचे आहे, आणि लकी वस्तू वापरली नाही तर तिचे लक उतरते. (हे मी सिद्ध करू शकत नाही, म्हणून ते तुम्ही तुमच्या तोंडून सांगा.) ते घेऊन तुम्ही १३ तारखेला संध्याकाळीच या, चौदाच्या सकाळच्या गाडीने नको. पाना मी घेतला आहे. पहाटे अर्ध्या तासात दोन्ही बसवीन, डावे उलटे. एकदा पिंकी त्या सायकलवर झेंड्यामागून सगळ्या अमरावतीसमोर जाऊन आली की मग ती सायकल कूलरला देण्याची बाबांची हिंमत होणार नाही. मात्र धर्मेंद्रभाऊंचे पायडल त्याआधी यायला नकोत, यासाठी माझ्याकडे काही उपाय नाही.

ता. क. २. बाबांनी विचारले की पिशवीत काय आहे, तर मी खोटे बोलू शकणार नाही. मी ठरवले आहे की आयुष्यात खोटे बोलायचे नाही, निदान बाबांशी तरी नाही. म्हणून खोटे तुम्ही बोला. तुम्ही मशीनचे पार्ट आहेत म्हणालात तर ते अगदी सहज वाटेल.

ता. क. ३. मला पहिल्या पाळीला जायचे आहे आणि मिलच्या गाडीची वेळ झाली. पत्र बाबांजवळ टपालात टाकायला देत आहे. काळजी करू नका. बाबांनी ऑफिसात तीस वर्षे साहेबांचे लिफाफे नेले, पण एकाही लिफाफ्यात डोकावून पाहिले नाही. हे संस्कार मला त्यांच्याकडूनच मिळाले आहेत.

गजेंद्रभाऊ, जय भीम. मी किसन. साहेबाचे लखोटे म्या उघडले नाही कारण थे सगळे चिटकवेल राह्यत. आचल घाईत डिंक लावायची विसरली. धर्मेंद्र नागपूरहून काही आणत नाही. त्याले म्याच सांगतलं का पंधरा तारखेपर्यंत रोज उद्या म्हण. भगवंतराव विचारते तं मी नागपूरच्या नावानं बोटं मोडतो. रविवारी पोरगी पायडलवर उभी राहून गेली थे म्या पाह्यलं. डोये कूलरसमोर मिटले होते, पण पूरे नाही. तुमी तेराले पायडल घेऊन येजा. पिशवीत काय हाय मंतलं तं मशीनचे पार्ट हाय मनजा, मी हो मनीन. आचलले यातलं काही बोलू नका. तिले वाटते बापाले कूलर पाह्यजे, त्या भेवानं थे पाना शिकली. सांड्या तुमच्या नाही, पाहुण्याइच्या हायेत. आता पाकीट चिटकवतो.